अंतराळातून परत आलेल्या यानाचा तुकडा रिसर्चसाठी कसा मागायचा

दरवर्षी नवीन बॅच आली की आमच्या मायक्रोस्कोपच्या खोलीत कोणीतरी एक जण विचारतोच, "मॅडम, नासाकडून सँपल खरंच मिळतं का हो, की ते फक्त अमेरिकेतल्या लोकांना?" मिळतं. मुंबईत बसून पण मिळतं. तुकड्याचे पैसे पडत नाहीत, नासाचा फंड तुमच्याकडे असायलाच हवा असंही नाही. फक्त मागता आलं पाहिजे आणि बहुतेक जण तिथेच आपटतात, कारण ते मागतात "अंतराळात जाऊन आलेलं काहीतरी". दादरला कापडाच्या दुकानात जाऊन "काहीतरी चांगलं दाखवा" म्हटलं तर तो भला माणूस वीस तागे उलगडून दाखवेल, पण इथे कोणी तागे उलगडत बसत नाही. कुठला तागा, कुठल्या काठाकडचा, किती मिलिमीटर आणि तो घेऊन शिवणार काय, हे सगळं तुम्हीच सांगायचं.

आणि हो, मी चंद्राच्या दगडांबद्दल बोलत नाहीये. यानाचे, सॅटेलाइटचे, कॅमेऱ्याचे जे भाग वर राहून परत आले त्यांच्याबद्दल बोलतेय. पत्रे, ब्लँकेट (म्हणजे यानावर गुंडाळायची उष्णता अडवणारी आवरणं), नळ्या, काचा. दिसायला भंगारवाल्याच्या गाडीवरचा माल, पण वर काय काय घडलं त्याची नोंद त्यावर कोरलेली असते.

आधी माल ओळखा

ह्यूस्टनला नासाचं जॉन्सन स्पेस सेंटर आहे, तिथल्या क्युरेशन ऑफिसकडे, म्हणजे नमुने जपणाऱ्या विभागाकडे, चंद्राचे दगड, अंटार्क्टिकाच्या उल्का वगैरेंबरोबर अंतराळात राहून आलेल्या हार्डवेअरचाही संग्रह आहे. त्यातलं मोठं नाव एलडीईएफ, म्हणजे लाँग ड्युरेशन एक्स्पोजर फॅसिलिटी, वेगवेगळे पदार्थ बराच काळ अंतराळात उघडे ठेवून बघायचा सॅटेलाइट. सुमारे ९ मीटर लांबीचा बारा बाजूंचा पिंप, त्यावर ८६ ट्रे आणि ५७ प्रयोग. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर शटलने सोडला, साधारण वर्षभरात परत आणायचा होता, पण आधी वेळापत्रक लांबलं आणि मग १९८६ मध्ये चॅलेंजरचाच अपघात झाला, त्यामुळे तो पावणेसहा वर्षं वरच राहिला आणि जानेवारी १९९० मध्ये कोलंबियाने खाली आणला. म्हणजे झालं ते वाईटच, पण रिसर्चवाल्यांना आयतं पाचपट एक्स्पोजर मिळालं.

ज्या फेरीत एलडीईएफ सोडला त्याच फेरीत सोलर मॅक्स नावाचा सॅटेलाइट वरच्या वर दुरुस्त केला, त्याची जुनी थर्मल ब्लँकेट काढून आणली, ती चार वर्षं कक्षेत होती आणि बारीक कण आदळून त्यावर पडलेल्या खड्ड्यांमध्ये यानांच्या रंगाच्या कपच्यांचे अवशेष सापडले. अंतराळातल्या कचऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांना ही ब्लँकेट अजून लागतात. हबलचा एक कॅमेरा २००९ मध्ये परत आणला, त्याचा रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पत्रा, पंधरा वर्षांहून जास्त काळ उघड्यावर होता, त्यावरचे खड्डे मोजून ते भाग गोल कापून काढले आणि वेगवेगळ्या लॅबनी तपासले. आणखी मागे जायचं तर सर्व्हेयर ३. ते यान एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावर उतरलं, नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ चे दोघं चालत त्याच्यापर्यंत गेले आणि कॅमेरा, माती उकरायचा स्कूप, नळीचा तुकडा, केबल असं कापून घेऊन आले.

नासाच्या जेनेसिस यानाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असेल, सौर वाऱ्याचे, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारे, कण गोळा करून ८ सप्टेंबर २००४ ला परत येताना पॅराशूट उघडलंच नाही, कारण वेगातली घट ओळखणारे स्विच उलटे बसवले होते, आणि कॅप्सूल यूटाच्या वाळवंटात आपटली. सिलिकॉन, सफायर, सोनं अशा शुद्ध पदार्थांच्या षटकोनी चकत्या होत्या, त्यांचे हजारो तुकडे झाले. पण डिझाइन करणाऱ्यांनी एक हुशारी आधीच केलेली होती. सौर वाऱ्याच्या प्रत्येक प्रकारासाठी चकतीची जाडी वेगळी ठेवली होती, म्हणून फुटल्यावरही जाडी मोजून कुठला तुकडा कशाचा ते कळतं. आजही जेनेसिसचे तुकडे मागताना हे बघावंच लागतं.

कोलंबिया शटल १ फेब्रुवारी २००३ ला कोसळलं, कल्पना चावला त्यात होत्या. त्याचे ८४ हजारांच्या आसपास अवशेष फ्लोरिडाला केनेडी स्पेस सेंटरमध्ये जपून ठेवलेत आणि मटेरियल सायन्सच्या अभ्यासासाठी तेही उसने देतात. त्याची व्यवस्था वेगळी आहे, ह्यूस्टनला अर्ज करून उपयोग नाही. आणि तिथे अर्ज लिहिताना जरा शब्द जपून वापरा, ते फक्त सँपल नाहीये.

आपल्या मुंबईला हे काम नवीन नाही बरं का. अपोलोच्या सँपलमधले कॉस्मिक किरणांचे माग कुलाब्याच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये देवेंद्र लाल यांच्या ग्रुपने सत्तरच्या सुमारास तपासले होते. पुढे १९८५ मध्ये शटलमधल्या स्पेसलॅब ३ या प्रयोगशाळेवर 'अनुराधा' नावाचा भारतीय प्रयोग गेला, त्यातले सीआर-३९ प्लॅस्टिकचे डिटेक्टर परत आल्यावर इथल्याच लोकांनी त्यातले माग मोजले. तेव्हा "आपल्याला कोण देणार" हे डोक्यातून काढा.

मग प्रश्न पक्का करा, आणि प्रश्नावरून तुकडा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं, "अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खड्ड्यांचा अभ्यास करायचा आहे." सरांनी वाचलं आणि कागद परत सरकवला, म्हणाले, "अभ्यास तर सगळेच करतात, तुला विचारायचंय काय त्या खड्ड्याला?" राग आला होता तेव्हा. पण बरोबर होतं.

समजा तुम्हाला बघायचंय की खड्डा उल्केच्या कणाने पडला की माणसाच्या कचऱ्याने. हे कळतं खड्ड्यात उरलेल्या अवशेषांवरून. मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन, कॅल्शियम, गंधक, थोडं निकेल असं एकत्र दिसलं तर बहुधा नैसर्गिक, टायटॅनियम किंवा झिंक असेल तर रंग, नुसतं अ‍ॅल्युमिनियम किंवा त्याचं ऑक्साइड असेल तर यानाचा पत्रा किंवा सॉलिड रॉकेटचा धूर. आता गंमत बघा, तुम्ही जर अ‍ॅल्युमिनियमचाच पत्रा मागितलात तर त्यात अ‍ॅल्युमिनियमचा अवशेष दिसणार कसा? सगळीकडे तेच. म्हणून एलडीईएफवर सोन्याचे पत्रे पण लावले होते. प्रश्न कचऱ्याचा असेल तर सोनं मागा, नाहीतर रिव्ह्यू करणारा पहिल्याच पानावर पकडतो.

दुसरं म्हणजे दिशा. एलडीईएफ पृथ्वीभोवती फिरताना स्वतःभोवती गडगडत नव्हता, त्याची एक बाजू कायम पुढे आणि एक कायम मागे. लोकलच्या दारात उभं राहिल्यावर पाऊस कुठून लागतो ते आठवा, तसंच. पुढच्या बाजूला खड्डे खूप जास्त, अ‍ॅटॉमिक ऑक्सिजनचा, म्हणजे सुट्या ऑक्सिजन अणूंचा, मारा पण तिथेच. मागच्या बाजूला खड्डे कमी, पण कणाचा धडकण्याचा वेग कमी असल्यामुळे अवशेष टिकायची शक्यता जास्त. मागच्या बाजूच्या सोन्यावर पण माणसाचा कचरा सापडला, त्यावरूनच कळलं की लंबवर्तुळाकार कक्षेत फिरणारा कचरा समजत होते त्यापेक्षा जास्त आहे. ट्रेचे नंबर अक्षर आणि आकडा असे असतात, अक्षर लांबीवरची जागा सांगतं आणि १ ते १२ आकडा बाजू सांगतो. ९ ही पुढची बाजू, ३ मागची. अर्जात ट्रेचा नंबर नसेल तर अर्ज अर्धाच आहे असं समजा.

पॉलिमरवाल्यांसाठी: कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिक फिल्मची झीज वगैरे विषय असेल तर आधी स्पेस स्टेशनवरच्या मिस्से प्रयोगांचा प्रसिद्ध झालेला डेटा बघून घ्या, तिथे २००१ पासून मटेरियलचे ट्रे बाहेर टांगून परत आणतायत. बऱ्याचदा उत्तर त्या आकड्यांमध्येच मिळतं, तुकडा मागायची गरजच पडत नाही.

कंट्रोल मागायला विसरू नका

म्हणजे तोच पदार्थ, त्याच बॅचचा, जो वर गेलाच नाही. किंवा गेला पण झाकलेला होता, उदाहरणार्थ बोल्टच्या वॉशरखालचा भाग. एलडीईएफवर बऱ्याच ठिकाणी तपकिरी थर सापडला, तो सिलिकोन (सिलिकॉन असलेलं रबरासारखं पॉलिमर) आणि इतर पदार्थांतून बाहेर पडलेल्या वाफेचा होता, यानाने स्वतःच स्वतःला माखून घेतलं होतं. कंट्रोल नसेल तर तुम्ही त्या थरातलं सिलिकॉन बघून उल्का सापडली म्हणून पेपर लिहायला बसाल.

आता हात साफ करा, नकली मालावर

अर्जात "आमच्याकडे हे हे मशीन आहे" एवढं लिहून चालत नाही, ते मशीन याच कामासाठी तुम्ही चालवून बघितलंय हे दाखवावं लागतं. साधा पॉलिश केलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, त्यावर माहीत असलेल्या खनिजाची पूड दाबून बसवा, दहा मायक्रॉनच्या खालचे कण शोधा, मॅप काढा, आणि मग कण कुठे आहेत ते न सांगता तोच पत्रा दुसऱ्या कोणाला द्या आणि त्याला तेच कण सापडतात का बघा. आयआयटी पवईच्या सैफ (एसएआयएफ) या उपकरणांच्या सेंटरला बाहेरच्या लोकांना पण फी भरून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरता येतो, त्यामुळे आमच्या कॉलेजात मशीन नाही ही सबब चालणार नाही, पण मशीन दुसरीकडचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, तुकडा कोण नेणार, तिथे कोणाच्या ताब्यात राहणार सगळं.

तपासणीचा क्रम पण लिहा आणि तो मऊपासून कडककडे असू दे. आधी फोटो आणि ऑप्टिकल मायक्रोस्कोप, मग रामन (लेझर टाकून पदार्थ ओळखणं), मग एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आणि ईडीएस (त्यालाच जोडलेली, कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी तपासणी) कमी व्होल्टेजला, आणि कापाकापी सगळ्यात शेवटी. रामन आधी का, तर इलेक्ट्रॉन बीम फिरवली की जिथे फिरवली तिथे कार्बनचा चौकोनी डाग बसतो आणि नाजूक पदार्थ बिघडतात, मग रामनमध्ये तुमचाच डाग दिसतो. कार्बन कोटिंग परवानगीशिवाय करायचं नाही, लो व्हॅक्यूम मोडमध्ये भागतंय का ते आधी बघा. कार्बन टेपवर चिकटवायचं तर नाहीच नाही, क्लिपवाला होल्डर बनवून घ्या, कुठलाही चांगला टर्नर दोनेक दिवसांत करून देतो.

अर्ज लिहिताना

अर्ज परमनंट फॅकल्टी किंवा सायंटिस्टच्या नावाने करा. तुम्ही स्टुडंट असाल तर गाइडच्या नावाने आणि तुमचं नाव काम करणारा म्हणून. आपल्याकडे थ्रू प्रॉपर चॅनल हा प्रकार आहेच, डीन किंवा रजिस्ट्रारची सही लागणार, कारण तुकडा संस्थेला उसना मिळतो, तुम्हाला नाही. ती सही आधीच मागून ठेवा, मंजुरी आल्यावर पळापळ नको.

मजकूर इंग्रजीत आणि सरळ. "रिस्पेक्टेड सर, आपल्या थोर संस्थेला वंदन" वगैरे चार ओळी काढून टाका, तिथल्या माणसाला त्या वाचायला वेळ नसतो. मी साधारण असा सांगाडा धरते: आम्हाला मागच्या बाजूच्या सोन्याच्या पत्र्यावरचे, कॅटलॉगमध्ये अमुक नंबर असलेले तीन खड्डे हवेत. पैकी दोन फक्त बघणार, एक कापणार. प्रश्न हा. याआधी अमक्यांनी यावर हे काम केलंय, आमचं वेगळं ते इतकंच. नकली सँपलवर आमचा निकाल सोबत जोडलाय. तपासणीचा क्रम हा. किती महिने लागतील. सँपल कुठे ठेवणार, चावी कोणाकडे. शेवटी काय परत येईल आणि काय संपून जाईल.

ते शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. काय नष्ट होणार ते मोकळेपणाने सांगितलं तर विश्वास बसतो, लपवलं तर संशय येतो, आपल्या चाळीतला हिशोब आहे तो. आणि कमीत कमी मागा. पाच चालणार असतील तर पाच सुद्धा नको, दोन मागा, काम दाखवा, मग पुढचे मागा. तुकडा संपला की पुन्हा तयार होत नाही, दुसरा एलडीईएफ कोणी वर सोडून ठेवलेला नाही, त्यामुळे रिव्ह्यू करणाऱ्यांचा सगळा जीव त्यातच अडकलेला असतो.

अर्ज टाकण्याआधी क्युरेटरला एक छोटा ईमेल करा. हा तुकडा अजून शिल्लक आहे का, दुसऱ्याकडे गेलाय का, आधी कोणी कोटिंग केलंय का. हे विचारण्यात कमीपणा नाही, उलट बऱ्याचदा तेच सुचवतात की तो नको, त्याच्या शेजारचा घ्या, तो स्वच्छ आहे. त्यानंतर अर्ज शास्त्रज्ञांच्या कमिटीपुढे जातो, प्रश्न विचारतात, उत्तरं द्यायची. यात महिने जातात. पीएचडीच्या शेवटच्या वर्षात हे सुरू करणाऱ्यांना माझा नमस्कार.

मंजूर झालं, आता मुंबई

लोन अ‍ॅग्रीमेंट येतं. त्यात साधारण असं असतं की मालकी अमेरिकन सरकारची, दरवर्षी सँपल जागेवर आहे याची हजेरी द्यायची, दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, पीआय, म्हणजे ज्याच्या नावाने अर्ज आहे तो, नोकरी सोडून चालला तर आधी कळवायचं. वाचून सही करा. मी एकांना बघितलंय, न वाचता सही केली आणि दोन वर्षांनी हजेरीचा ईमेल आला तेव्हा सँपल कुठल्या कपाटात ते कोणालाच आठवेना, सगळी लॅब दोन दिवस शोधत होती.

कस्टमसाठी संस्थेच्या इम्पोर्ट सेक्शनला पार्सल निघायच्या आधी गाठा, नंतर नाही. कागदावर स्पष्ट हवं: शास्त्रीय नमुना, विक्रीसाठी नाही, उसना, परत जाणार. कस्टम क्लिअरिंग एजंटला सांगून ठेवा की आतला डबा उघडायचा झाला तर लॅबचा माणूस समोर असला पाहिजे, आणि त्या माणसाच्या बॅगेत ग्लोव्ह्ज असू द्या. बिल ऑफ एंट्रीची (माल आत आल्याच्या कस्टमच्या कागदाची) कॉपी जपून ठेवा, तुकडा परत पाठवताना तीच लागते. आणि सहार विमानतळाहून आणताना गाडी करा हो. विरार लोकलमध्ये छातीशी डबा धरून उभं राहणं फिल्मी वाटतं, पण नको.

आता आपल्या हवेचं. जुलैत दमटपणा ८५-९० टक्क्यांवर असतो आणि कुलाबा, ट्रॉम्बे, वरळी कुठेही बसलात तरी हवेत मीठ आहे. उघडा ठेवलेल्या पत्र्यावर थोड्या दिवसांत सोडियम आणि क्लोरीन दिसायला लागतं, मग शोधत बसा हे मीठ उल्केतलं की अरबी समुद्रातलं. म्हणून तुकडा नायट्रोजन सोडलेल्या कपाटात किंवा निदान चांगल्या डेसिकेटरमध्ये, सिलिका जेल बदलायची तारीख वर लिहून. डेसिकेटरच्या झाकणाला सिलिकोन ग्रीस लावू नका, चिमटा स्टीलचा किंवा टेफ्लॉनचा, ग्लोव्ह्ज नायट्राइलचे, पावडरवाले नाहीत. शेजारी एक कोरा सिलिकॉन वेफर तसाच उघडा ठेवा आणि महिन्याने तो पण मायक्रोस्कोपखाली घ्या, तुमच्या खोलीने काय काय टाकलं ते त्यावर दिसतं. रिव्ह्यू कमिटीला हा वेफर फार आवडतो, असा माझा अनुभव.

हे सगळं सोवळं वाटत असेल तर सर्व्हेयर ३ च्या कॅमेऱ्याचं ऐका. त्याच्या आतल्या फोममध्ये माणसाच्या तोंडात असणारा एक जंतू सापडला, आणि कितीतरी वर्षं लोक सांगत राहिले की तो चंद्रावर अडीच वर्षं जिवंत राहिला. नंतर त्या वेळची फिल्म लोकांनी परत नीट बघितली तर तपासणारे अर्ध्या बाहीच्या कपड्यात, उघडे हात सँपलच्या वर. जंतू बहुधा तिथूनच पडला असावा. म्हणजे एवढा चंद्रावर जाऊन आणलेला कॅमेरा, आणि प्रश्न अडकला कोपरापाशी.

काम झाल्यावर

उरलेलं सगळं परत. पावडर झाली असेल तर पावडर, कापलेल्या पातळ चकत्या, त्यांचे ग्रिड, रिकामी डबी सुद्धा, प्रत्येकावर मूळ नंबर आणि तुम्ही काय केलं ते लिहून. किती केव्हीला (किलोव्होल्टला) किती वेळ बीम फिरवली ते लिहा, पुढच्या माणसाला तो डाग कुठून आला ते कळायला हवं. पेपर आला की क्युरेशन ऑफिसला कळवा आणि पेपरमध्ये सँपलचे नंबर छापा, नुसतं "नासाकडून मिळालेलं सँपल" नको, नंबरशिवाय तो निकाल त्या तुकड्याला जोडताच येत नाही. निकाल काहीच निघाला नाही तरी कळवा, तेही त्यांच्या रजिस्टरला जातं.

परतीचं पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी सोडा. शुक्रवारी सोडलं तर शनिवार-रविवार गोडाऊनमध्ये पडून राहतं, आणि गणपतीच्या आठवड्यात तर पाठवूच नका, एजंट फोन उचलत नाही.